पावसाळ्यात सायकलच्या चेनला मेण लावावं का?

"चेन ताणली आहे, बदलावी लागेल," असं सायकलवाला म्हणतो, तेव्हा चेन रबरासारखी ताणलेली नसते, झिजलेली असते. चेनच्या शेजारशेजारच्या दोन पिनांमधलं अंतर असतं 12.7 मिलिमीटर. प्रत्येक पिनेपाशी जेमतेम केसाच्या जाडीइतकं, म्हणजे 0.06 मिलिमीटर पोलाद झिजलं, की चेन अर्धा टक्का लांब होते. गिअरच्या सायकलची चेन बदलायची वेळ साधारण हीच. टाळाटाळ केली तर ती मागचे दातेही खाते आणि खर्च चेनवर थांबत नाही.

आता अलिबागहून चौलमार्गे रेवदंड्याला रोज ये-जा करणाऱ्याची चेन बघा. रस्त्यावर वाळू आणि काळ्या खडीची पूड. ती चेनच्या तेलात मिसळली की पातळ पॉलिश पेपरच तयार होतो. मेण घट्ट असतं, त्यामुळे त्यावर पडलेला कण आत न जाता बहुतेक वेळा झडून जातो. कोरड्या दिवसांत मेण सरस ठरतं ते यामुळे.

पण हाच घट्टपणा पावसात आड येतो. तेल वाहतं, पुसल्या गेलेल्या जागी परत पसरतं. मेण एकदा बाजूला सरकलं की सरकलंच. पाणी त्याला विरघळवत नाही, पण फटीतून उघड्या पोलादापर्यंत पोहोचतं. त्यात समुद्राचा खारा वारा! हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांवर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं. म्हणजे पाऊस थांबला तरी चेन ओलीच, आणि खारं पाणी गंज लवकर चढवतं.

तरीही मेणच हवं असेल तर असं करा:

1. चेन काढून रॉकेलमध्ये खळखळून धुवा. तेलाचा अंश राहिला तर मेण धरत नाही. रॉकेल पूर्ण उडू द्या.
2. रंग-वास नसलेलं पॅराफिन मेण गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. थेट आचेवर कधीच नको, मेण पेट घेतं.
3. चेन त्यात बुडवा. बुडबुडे थांबले म्हणजे मेण पिनांपर्यंत गेलं. टांगून गार करा, मग एकेक कडी हलवून मोकळी करा.
4. भिजून घरी आलात की चेनवर साधं पाणी ओता म्हणजे मीठ जाईल. मग फडक्याने पुसून पंख्याखाली वाळवा. कडकड आवाज आला की पुन्हा मेण.

दोन चेन आलटून पालटून वापरल्या तर हे जमतं. रोज पुसणं होणार नसेल, तर जून ते सप्टेंबर सरळ घट्टसर तेल वापरा आणि ऑक्टोबरात मेणाकडे वळा. पूर्ण चेनकव्हर असलेल्या साध्या सायकलला तर तेलच पुरे. वाळू अडवायचं काम कव्हर करतंच.

आणि महिन्यातून एकदा पट्टी लावा. 24 कड्या बरोबर 12 इंच भरायला हव्यात. दीड मिलिमीटर जास्त भरल्या, तर चेन बदला.