चार टाके दिसतात, आतली जखम दिसत नाही
अंडाशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर कामाला कधी लागायचे?

दवाखान्यात डॉक्टर सांगतात, "दुर्बिणीचं ऑपरेशन आहे. सगळं नीट झालं तर एक-दोन दिवसांत घरी सोडू." घरी पोहोचेपर्यंत या वाक्याचा अर्थ बदललेला असतो. 'एक-दोन दिवसांत घरी' याचे 'एक-दोन दिवसांत बरी' असे होऊन जाते. भेटायला आलेले नातेवाईक पोटावरच्या तीन-चार छोट्या पट्ट्यांविषयी ऐकतात आणि म्हणतात, "एवढंच? आमच्या वेळी तर सगळं पोट फाडायचे." मग तिसऱ्या दिवशी चहा तिनेच टाकायचा, पाचव्या दिवशी भाकऱ्या तिनेच थापायच्या, आणि आठव्या दिवशी पाण्याचा हंडा तिच्याच कमरेवर.

अंडाशयातील गाठ, म्हणजे ज्याला आपण सगळेच आता 'सिस्ट' म्हणतो, ती काढण्याचे ऑपरेशन आज जिल्ह्याच्या गावीही होते. आमच्या ओळखीच्या अनेक घरांत ते झाले आहे. ऑपरेशन कसे होते याची माहिती लोक विचारतात, खर्च विचारतात. पण नंतर किती दिवस जपायचे, हे नीट विचारले जात नाही. विचारलेच तर नोकरी करणाऱ्या बाईसाठी विचारले जाते. घरात राबणाऱ्या बाईला 'कामावर परत जायची' तारीखच नसते, कारण तिच्या कामाला आपण काम म्हणत नाही. या लेखात आम्हाला मुख्यतः त्याविषयी बोलायचे आहे.

आत काय झालेले असते?

या ऑपरेशनला बहुधा पूर्ण भूल देतात. बेंबीजवळ आणि ओटीपोटावर साधारण अर्धा ते एक सेंटिमीटरची तीन-चार छिद्रे पाडतात. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून ते फुगवतात, म्हणजे आतले अवयव कॅमेऱ्यात नीट दिसतात. मग गाठ अंडाशयापासून सोडवून बाहेर काढतात. कधी गाठीसोबत अंडाशयही काढावे लागते. गाठीला पीळ पडला असेल, किंवा ती आतड्याला, गर्भाशयाला चिकटलेली असेल, तर काम आणखी वाढते.

म्हणजे फक्त दार लहान आहे. आतले काम पोट उघडून केलेल्या ऑपरेशनइतकेच असू शकते. फायदा हा की पोटाचे स्नायू लांबवर कापावे लागत नाहीत. त्यामुळे दुखणे कमी, रक्तस्राव कमी आणि उठणे-बसणे लवकर. पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर सहा आठवडे किंवा त्याहून जास्त लागतात, तिथे दुर्बिणीने दोन-तीन आठवडे लागतात. पण दोन-तीन आठवडे म्हणजे दोन-तीन दिवस नव्हेत.

पहिले दिवस कसे जातात?

पहिल्या दोन-तीन दिवसांत अनेक जणींचा खांदा दुखतो. घरचे घाबरतात की ऑपरेशन पोटाचे आणि दुखणे खांद्याला कसे? पोटात राहिलेला वायू छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला टोचतो आणि त्याची कळ खांद्यात जाणवते. वायू शरीरात जिरला की ती थांबते. भुलीमुळे मळमळ होते, घसा खवखवतो. काही दिवस अंगावरून थोडे लाल जाऊ शकते. पुढची पाळी थोडी मागेपुढे होऊ शकते.

पहिल्या दिवसापासून थोडे थोडे चालायला हवे. पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. घरातल्या घरात, मग अंगणात, असे रोज थोडे वाढवत न्यावे. उठताना एकदम सरळ न उठता आधी कुशीवर वळावे आणि हाताचा आधार घेऊन बसावे. खोकला किंवा शिंक आली तर पोटावर उशी धरावी. भुलीने आणि वेदनाशामक गोळ्यांनी शौचाला कडक होते, म्हणून पाणी भरपूर, पपई, पालेभाजी, ताक घ्यावे. जोर करू नये. बाळंतिणीसारखे तुपातले लाडू आणि मसालेदार रस्से या दिवसांत पोटाला जड जातात.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे थकवा. पाचव्या-सहाव्या दिवशी दुखणे कमी होते, बाईला वाटते आपण बऱ्या झालो. ती एक तास काम करते आणि मग दिवसभर अंग गळून जाते. हा आळस नव्हे. शरीर आतली जखम भरून काढत असते, त्याची ती खूण आहे. आमच्या ओळखीच्या एका घरी ऑपरेशननंतर आठवड्याच्या आत पुतण्याचा निकाह होता. सून दिवसभर पाहुण्यांच्या मागे उभी राहिली. रात्री बेंबीजवळच्या टाक्यातून पाणी येऊ लागले आणि पुन्हा दवाखाना गाठावा लागला. ती बरी झाली, अल्हम्दुलिल्लाह. पण पंधरा दिवसांचे दुखणे दीड महिन्यावर गेले.

कोणते काम, किती दिवसांनी?

नुसती आत पाहणी करण्यासाठी दुर्बीण घातली असेल तर आठवड्याभरात बहुतेक जणी कामाला लागतात. गाठ किंवा अंडाशय काढले असेल तर दोन ते तीन आठवडे धरावेत. तुमच्या डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल तर तेच पाळावे, कारण आत काय सापडले हे त्यांनी पाहिलेले असते.

बसून करायचे काम, म्हणजे शाळेत शिकवणे, बँक, कार्यालय, संगणक, हे दोन आठवड्यांनी बहुतेकांना जमते. पण कामासोबत प्रवासही मोजावा. शाळेत चार तास बसवते, पण एसटीत तासभर उभे राहून खड्ड्यांचे धक्के सोसवत नाहीत. शक्य असेल तर पहिला आठवडा अर्धा दिवस जावे. स्कूटी चालवणारीने आधी स्वतःला विचारावे, अचानक कोणी आडवे आले तर मला जोरात ब्रेक दाबता येईल का, पाय टेकवून गाडी सावरता येईल का? उत्तर 'नाही' असेल तर अजून वेळ आहे.

घरी शिलाई करणाऱ्या बहिणींनी लक्षात ठेवावे की पायाच्या मशीनला पोटाचे स्नायूही लागतात. दोन आठवड्यांनंतर अर्ध्या-अर्ध्या तासाने सुरुवात करावी. मणी-टिकल्यांचे काम लवकर सुरू करता येते, पण वाकून तासन्‌तास बसू नये. दिवसभर उभे राहण्याचे, ओझे उचलण्याचे काम असेल, मग ते कारखान्यातले असो, शेतातले असो वा दुसऱ्यांच्या घरचे धुणे-भांडे असो, त्याला चार ते सहा आठवडेही लागू शकतात.

आता घरातले ओझे वजन करून पाहू. पहिले दोन-तीन आठवडे चार-पाच किलोपेक्षा जास्त उचलू नये, असा साधारण सल्ला असतो. पाण्याने भरलेली मोठी बादली पंधरा किलोच्या आसपास जाते. दोन वर्षांचे मूल दहा-बारा किलोचे असते. स्वयंपाकाच्या गॅसची भरलेली टाकी तीस किलोच्या जवळपास. त्यातला गॅसच 14.2 किलो. ओली चादर पिळताना लागणारा जोर कुठल्या काट्यावर मोजता येत नाही, पण तो पोटावरच येतो. ज्या बाईला डॉक्टरांनी 'जड उचलू नका' सांगितले, ती घरी येऊन सकाळच्या दोन तासांत हे सगळे उचलते, आणि घर म्हणते की ती आराम करते आहे. मूल रडत असेल तर त्याला कोणीतरी उचलून तिच्या मांडीवर द्यावे. तिने वाकून उचलू नये.

नमाज, गुस्ल आणि रोजा

टाक्यांचे दुखणे असताना अनेक बहिणी रुकू-सजदा ओढूनताणून करतात. बसून नमाज पढली तर ती कमी दर्जाची होईल, असे त्यांना वाटते. शरीयतने आजाऱ्याला स्पष्ट सवलत दिली आहे. उभे राहणे जमत नसेल तर बसून, बसणेही जमत नसेल तर आडवे होऊन इशाऱ्याने नमाज होते. खुर्चीवर बसून रुकूसाठी थोडे आणि सजद्यासाठी त्याहून अधिक झुकावे. ही सवलत अल्लाहची आहे, ती घेण्यात संकोच कशाला?

पट्टी ओली करायची नसेल तर बाकी अंग धुऊन पट्टीवर ओला हात फिरवता येतो, म्हणजे मसह करता येतो. पट्टी कधी काढायची आणि अंघोळ कधी करायची हे दवाखान्यातून निघतानाच विचारून घ्यावे. ऑपरेशननंतर अंगावरून जाणारे रक्त पाळीचेच असेल असे नाही. नमाजाविषयी शंका असेल तर डॉक्टरांकडून कारण समजून घेऊन जाणत्या आलिमांना विचारावे. रमजान असेल तर आजाऱ्याला रोजे पुढे ढकलून नंतर कजा करण्याची मुभा आहे. गोळ्या वेळेवर आणि पाणी भरपूर, ही त्या दिवसांची गरज आहे. पती-पत्नीच्या संबंधांबाबतही घाई नको. रक्त थांबलेले असावे, दुखणे गेलेले असावे आणि पत्नीचे मन तयार असावे. बहुधा दोन-तीन आठवडे जातात.

हे दिसले तर थांबू नका

साधा नियम असा की दुखणे कालच्यापेक्षा आज कमी असले पाहिजे. ते वाढत गेले तर 'होईल बरं' म्हणून अंगावर काढू नये. 100.4 अंशांहून जास्त ताप, पोट फुगून कडक होणे, थांबत नसलेल्या उलट्या, टाक्यातून पू, लघवी अडकणे किंवा जळजळ, जास्त रक्तस्राव, एका पायाची पोटरी सुजून दुखणे, अचानक धाप लागणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा. आतड्याला झालेली इजा कधी कधी काही दिवसांनीच कळते, म्हणून घरी आल्यानंतरचा आठवडा डोळ्यांत तेल घालून पाहावा.

काढलेली गाठ तपासणीला पाठवतात. तो अहवाल हातात घेऊन डॉक्टरांना दाखवल्याशिवाय ऑपरेशन संपले असे समजू नये. आणखी एक गैरसमज दूर व्हावा. एक अंडाशय काढले म्हणजे मूल होणार नाही, असे नाही. दुसरे चांगले असेल तर पाळीही येते आणि गर्भही राहू शकतो. एखाद्या मुलीच्या निकाहाच्या बोलणीत 'तिचं ऑपरेशन झालंय' अशी कुजबुज करणाऱ्यांनी हे जरूर वाचावे. पाळी जाण्याच्या वयाआधी दोन्ही अंडाशये काढावी लागली तर मात्र पाळी लगेच बंद होते. तेव्हा हाडांची काळजी आणि औषधे यांविषयी डॉक्टरांशी सविस्तर बोलावे.

रजेचा प्रश्न

नोकरीत असलेल्यांनी दवाखान्यातून निघतानाच आजारपणाचा दाखला घ्यावा आणि त्यात 'जड काम नको' हेही लिहून घ्यावे. ही रजा आजारपणाची आहे. बाळंतपणाच्या रजेत ती बसत नाही. ईएसआयचे वर्गणीदार असाल तर अटी पूर्ण झाल्यावर वर्षात 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के आजारभत्ता मिळतो. अनेकींना हे माहीतच नसते आणि पगार कापला जाईल या भीतीने त्या दहाव्या दिवशी कामावर हजर होतात. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसते का, हे योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधीच विचारावे.

रोजंदारीवर जाणाऱ्या आणि घरी राबणाऱ्या बहिणींना दाखला कोण देणार? तो घरानेच द्यायचा आहे. ऑपरेशनची तारीख ठरली की त्याच दिवशी पुढच्या तीन आठवड्यांची कामे वाटून घ्यावीत. पाणी कोण भरेल, धुणे कोण धुईल, लहान मुलाची रात्र कोण सांभाळेल, हे नावानिशी ठरवावे. "लागेल ते करू" असे म्हटले की शेवटी तीच करते. आपल्या प्यारे नबी सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी घरकामात हातभार लावल्याचे आपण बयानात ऐकतो. ती सुन्नत जिवंत करायला याहून चांगले तीन आठवडे मिळणार नाहीत. सासूबाईंनी सुनेला "तू बैस" म्हणावे आणि मुलाला "तू ऊठ" म्हणावे, एवढे झाले तरी अर्धे औषध लागू पडेल.