कामाचा फलक

एकट्याने करावयाचे काम आणि अनेकांनी मिळून करावयाचे काम यांत मोठे अंतर आहे. एकटा मनुष्य आपले काम मनात बाळगू शकतो. काय झाले आहे आणि काय उरले आहे, हे त्याला कोणास विचारावे लागत नाही. परंतु पाचदहा माणसे एका कामात गुंतली, की ते काम कोणा एकाच्या मनात मावत नाही. प्रत्येकाला आपापला तुकडा दिसतो. सबंध काम मात्र कोणालाच दिसत नाही.

शाळेचे हस्तलिखित काढण्याचा प्रसंग घ्या. समजा, एका वर्गाने मोठ्या उत्साहाने चोवीस लेख ठरविले. कोणी प्रवासवर्णन लिहावयास घेतले, कोणी गावातील जुन्या विहिरीची माहिती मिळवू लागला, कोणी चित्रे काढावयास बसली. महिना उलटला. गुरुजींनी विचारले, “काम कुठवर आले?” सर्वांनी एकच उत्तर दिले, “चालू आहे!” ते उत्तर खोटे नव्हते. चोवीसही लेख चालू होते, परंतु पुरा झालेला एकही नव्हता. विहिरीची माहिती दोघांनी वेगवेगळी लिहिली होती. मुखपृष्ठाला कोणी हातही लावला नव्हता, कारण ते दुसऱ्याकडे आहे अशी प्रत्येकाची समजूत होती. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण अशा वेळी आठवते. वस्तुतः मुले आळशी नव्हती. दोष होता तो काम करण्याच्या पद्धतीत.

ही अडचण शाळेपुरती नाही. कारखान्यांत, कचेऱ्यांत, जेथे जेथे अनेक हात एका कार्याला लागतात, तेथे तेथे ती उभी राहते. तिच्यावर निघालेला एक उपाय आज जगभर वापरात आहे. तो म्हणजे कामाचा फलक. हा फलक आज संगणकाच्या व मोबाइलच्या पडद्यावर दिसतो; परंतु त्यामागील विचार जन्मला तो एका मोटारींच्या कारखान्यात.

जपानमधील टोयोटा मोटार कंपनीची स्थापना १९३७ साली झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर या कंपनीवर फार कठीण दिवस आले. १९५० साली ती दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभी होती. दीड हजारांहून अधिक कामगारांना काम सोडावे लागले आणि कंपनीचे संस्थापक किइचिरो टोयोडा यांनीही अध्यक्षपदाचा त्याग केला. अशा कंपनीला लागणार नाही तो माल तयार करून कोठारे भरणे परवडणारे नव्हते. तेथे ताइइची ओहनो नावाचे एक कर्तबगार अधिकारी होते. अमेरिकेतील मोठ्या दुकानांच्या रीतीने त्यांचे लक्ष वेधून घेतले. या दुकानांत गिऱ्हाईक फळीवरची वस्तू स्वतःच उचलून घेते. जेवढ्या वस्तू उचलल्या जातात, तेवढ्याच दुकानदार पुन्हा आणून ठेवतो. फळी रिकामी झाल्यावाचून नवा माल मांडला जात नाही.

हाच नियम ओहनो यांनी कारखान्यास लावला. तोपर्यंत मागच्या विभागाने भाग करावयाचे आणि पुढच्या विभागाकडे ढकलावयाचे, असा क्रम होता. त्यांनी तो उलटविला. पुढच्या विभागाने मागितल्याखेरीज मागच्या विभागाने काही करावयाचे नाही, असे ठरले. ही मागणी कळविण्यासाठी १९५३ च्या सुमारास त्यांच्या विभागात लहान लहान कार्डांचा उपयोग होऊ लागला. कोणता भाग हवा, किती हवा आणि कोठे हवा, एवढे त्या कार्डावर लिहिलेले असे. कार्ड आले तरच काम करावयाचे, हा नियम सर्वांनी कसोशीने पाळावयाचा होता. या कार्डाला जपानी भाषेत ‘कानबान’ म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ पाटी किंवा फलक असा आहे.

कारखान्यात अर्धवट राहिलेले काम डोळ्यांना दिसते. अपुऱ्या भागांचे ढीग जमिनीवर साचतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांत येतात. परंतु संगणकाचे कार्यक्रम, म्हणजेच सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचे काम तसे नसते. त्यांचे शंभर प्रश्न अर्धवट पडले असले तरी टेबल स्वच्छच राहते. म्हणून या क्षेत्रात कामाचे ढीग कोणाच्या ध्यानात न येताच वाढत जातात.

याचे एक उदाहरण आपल्या देशातच घडले आहे. २००४ साली मायक्रोसॉफ्ट या कंपनीचा एक लहानसा गट हैदराबाद येथे काम करीत असे. कंपनीच्या अंतर्गत वापरातील सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त्या करणे, हे त्याचे काम. कामे सोपविणारे अधिकारी दूर अमेरिकेत होते. सोपविलेली दुरुस्ती हाती पडावयास सुमारे पाच महिने लागत. साहजिकच सर्वांची नाराजी या गटावर होती. डेव्हिड अँडरसन या तज्ज्ञाच्या साहाय्याने गटाच्या व्यवस्थापकाने बारकाईने पाहिले, तेव्हा निराळीच गोष्ट उघडकीस आली. नवी मागणी आली की हातचे काम टाकून तिला किती दिवस लागतील याचा अंदाज करून द्यावा लागे. गटाचा पुष्कळसा वेळ या अंदाजांतच जाई. मग अंदाज देणे बंद करण्यात आले आणि एका वेळी थोडीच कामे हाती घ्यावयाची असे ठरले. पुढे कामाच्या गरजेप्रमाणे माणसांची फेरवाटणीही झाली. सुमारे नऊ महिन्यांत पाच महिन्यांचा कालावधी सरासरी दोन आठवड्यांवर आला. माणसे निरुद्योगी नव्हती; त्यांच्या हातांत एकाच वेळी फार कामे कोंबलेली होती, एवढेच.

कागदाच्या चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवून कामे मांडण्याची रीत सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या काही गटांत होतीच. तिला आता या मर्यादेची जोड मिळाली. परंतु भिंत एकाच गावी असते, आणि गटातील माणसे मात्र अनेक गावी. एक पुण्यात, दुसरी बंगळूरला, तिसरा परदेशात. त्यामुळे हा फलक इंटरनेटवर आला. २०११ साली न्यूयॉर्कच्या फॉग क्रीक या कंपनीने ‘ट्रेलो’ नावाचा असा फलक सर्वांसाठी खुला केला. २०१७ साली तो मूळच्या ऑस्ट्रेलियातील ॲटलासियन कंपनीने विकत घेतला. अशा प्रकारची इतरही सॉफ्टवेअर आज उपलब्ध आहेत.

या फलकाची रचना अगदी साधी असते. पडद्यावर शेजारी शेजारी काही उभे रकाने असतात. पहिल्या रकान्याचे नाव ‘करावयाचे’, दुसऱ्याचे ‘चालू’, तिसऱ्याचे ‘तपासणीस’ आणि चौथ्याचे ‘पूर्ण’ असे ठेवता येते. प्रत्येक कामाचे एक कार्ड असते. कार्डावर कामाचे नाव, ते करणाऱ्याचे नाव आणि ते संपविण्याची तारीख लिहितात. काम मोठे असल्यास त्याच्या पायऱ्यांची यादी करता येते व एकेक पायरी पुरी होताच तिच्यापुढे खूण करता येते. छायाचित्रे आणि कागदपत्रेही कार्डाला जोडता येतात. काम पुढे गेले, की बोटाने ते कार्ड पुढच्या रकान्यात सरकवावयाचे. हा फलक एका दूरच्या संगणकावर साठविलेला असतो. पुण्याच्या मनुष्याने कार्ड सरकविले की तो बदल त्या संगणकाकडे जातो आणि तेथून क्षणार्धात इतरांच्या पडद्यांवर उमटतो. कार्ड कोणी व केव्हा हलविले याची नोंदही आपोआप होते. त्यामुळे ‘कुठवर आले?’ हा प्रश्न विचारावयास प्रत्येकाच्या दारी जावे लागत नाही.

परंतु कामांची नुसती सुबक मांडणी केली म्हणजे काम होत नाही. फलकाचा खरा लाभ हवा असेल, तर ‘चालू’ या रकान्याला मर्यादा घातली पाहिजे. तेथे सहाच कार्डे राहतील असे ठरले, तर एक पुरे होऊन पुढे सरकेपर्यंत सातवे घ्यावयाचे नाही. ओहनो यांच्या कारखान्यातील नियमाचे हे दुसरे रूप होय.

या मर्यादेने काय साधते, हे गणिताने दाखविता येते. जॉन लिटल या अमेरिकन विद्वानाने १९६१ साली एक नियम सिद्ध केला. तो असा : काम जर एकसारख्या गतीने चालले असेल, तर हाती असलेल्या कामांच्या संख्येला पुऱ्या होणाऱ्या कामांच्या गतीने भागले असता एका कामास लागणारा सरासरी काळ मिळतो. आपल्या वर्गात बारा लेख चालू आहेत आणि आठवड्यास तीन लेख पुरे होतात, असे समजा. बाराला तिनाने भागले की चार येतात. म्हणजे प्रत्येक लेख सरासरी चार आठवडे रेंगाळणार. तीच मुले, तोच वेग, परंतु चालू लेख सहाच ठेवले तर? सहा भागिले तीन, म्हणजे दोन आठवडे. कोणीही अधिक वेगाने न लिहिता हाती घेतलेला लेख निम्म्या काळात पुरा होतो. व्यवहारात याहूनही थोडा अधिक लाभ होतो; कारण एक काम सोडून दुसरे धरताना विसरलेले पुन्हा आठवावे लागते, आणि त्यात जाणारा वेळ वाचतो.

फलकाचा दुसरा गुण असा, की घोडे कोठे पेंड खाते आहे हे तो चटकन दाखवितो. समजा, ‘तपासणीस’ या रकान्यात नऊ कार्डे साचली आहेत आणि शुद्धलेखन तपासणारी मुले दोनच आहेत. अशा वेळी बाकीच्यांनी आणखी लेख लिहून उपयोग नाही. त्या दोघांपुढचा ढीग मात्र वाढेल. लेखन थांबवून दोनतीन मुलांनी तपासावयास बसावे, हाच शहाणपणाचा मार्ग. फलकावाचून हे कोणाच्या ध्यानात आले नसते. उलट, त्या दोघांवरच मंदपणाचा ठपका आला असता.

येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवली पाहिजे. फलक जे दाखवितो ते माणसांनी त्यावर ठेवलेले असते. अडलेले कार्ड पाहून जर कोणी रागावू लागले, तर माणसे आपले अडणे लपवू लागतील. न झालेले काम ‘पूर्ण’ या रकान्यात जाऊन बसेल आणि फलक खोटे बोलू लागेल. टोयोटाच्या कारखान्यात याचा विचार केलेला आढळतो. कामात काही चूक वा अडचण दिसली, की साध्या कामगारानेही दोरी ओढावयाची. तत्काळ वरच्या फलकावर दिवा लागतो, मुकादम धावून येतो, आणि अडचण लगेच दूर झाली नाही तर मोटारींची चालती रांग थांबते. दोरी ओढणे हा तेथे अपराध नसून कर्तव्य मानले आहे. ‘मला हे जमत नाही, मदत करा,’ असे निर्भयपणे म्हणता येईल अशा गटातच कामाचा फलक खरा राहतो.

वापरताना इतरही काही पथ्ये पाळावी लागतात. कार्डावरील मजकूर इतका स्पष्ट हवा, की ‘विहीर’ एवढे लिहून न थांबता ‘विहिरीची माहिती गावातील वृद्धांकडून मिळवून दोन पाने लिहिणे’ असे लिहावे. एका कार्डाला एक जबाबदार मनुष्य असावा. कारण सर्वांचे ते कोणाचेच नाही, असा अनुभव येतो. फलक कोणाला दिसतो याचीही खात्री करून घ्यावी. तो सर्व जगास खुला असेल, तर त्यावर घरचे पत्ते, दूरध्वनी क्रमांक किंवा गुप्त परवलीचे शब्द कधीही लिहू नयेत. आणि रोज थोडा वेळ सर्वांनी मिळून फलक पाहावा. जो फलक आठवडाभर कोणी पाहत नाही, तो भिंतीवरच्या जुन्या दिनदर्शिकेसारखा होतो.

तुमच्याजवळ संगणक नसला तरी अडत नाही. वर्गातील फळ्यावर चार रकाने आखा, जुन्या वह्यांच्या कोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या करा आणि पुढच्या हस्तलिखिताचे काम त्यांवर मांडा. एक नियम मात्र मोडू नका : हातचे पुरे झाल्यावाचून नवे घ्यावयाचे नाही. नवे काम सुरू करताना उत्साह वाटतो, हे खरे. परंतु चोवीस लेखांचे आरंभ वाचावयास कोणाला मिळत नाहीत. पुरे झालेले सहा लेख मात्र सारी शाळा वाचते. आणि आपला लेख पुरा झाल्यावर नव्याकडे न वळता जो शेजाऱ्याच्या अडलेल्या चिठ्ठीकडे वळतो, त्याला मिळून काम करणे म्हणजे काय ते कळले, असे समजावे.