दोन टेबलं, एक बाक

मिरजेतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलचा तळमजला. दुपारचे दोन वाजलेत. कॅश काउंटरच्या उजव्या हाताला दोन टेबलं आहेत. एकावर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा फलक, मागे आरोग्यमित्र मुलगी. दुसऱ्यावर ‘कॅशलेस’ची पाटी. बाक मात्र दोघांत एकच. वर डबा पोचवून मी त्याच्या टोकाला टेकलोय.

जत तालुक्यातले एक म्हातारे शेतकरी पिशवीतून कागद काढतायत. बायकोची अँजिओप्लास्टी व्हायचीय. रेशनकार्डावर तिच्या नावापुढे ‘बाई’ आहे, आधारवर नाही.

“मामा, दोन्हीकडं नाव सारखं लागतं.”

“अगं पोरी, माणूस तर एकच हाय की!”

ती हसते आणि कुणाला तरी फोन लावते. तातडीच्या पेशंटला फोनवरून मंजुरी मिळण्याची सोय आहे. पण तातडी आहे हे डॉक्टरांनी सांगायचं, आणि डॉक्टर कॅथलॅबमध्ये आहेत.

माझ्या शेजारचे इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ सकाळपासून कॅशलेसच्या टेबलाकडे डोळे लावून बसलेत. त्यांच्या वडलांना आज घरी सोडायचंय. डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यावी, असं विमा नियामकानं २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलंय. इथल्या घड्याळाला ते कुणी कळवलेलं दिसत नाही. एकदाची मंजुरी येते, पण कापून. पॉलिसी तीन लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला एक टक्का, म्हणजे तीन हजार. जनरल वॉर्डात जागा नव्हती म्हणून खोली घेतली सहा हजारांची. आता नुसतं भाडंच नाही, डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च, सगळं त्याच प्रमाणात निम्मं. औषधं आणि स्टेंट तेवढे वाचले. हातमोज्यांचे पैसे वेगळे.

“यांचं बरंय,” ते मामांकडे बघत म्हणतात, “सगळं फुकट. आम्ही हप्ते भरायचे आणि वर हे.”

“फुकट कुठलं वो? हितं येईस्तोवरच्या तपासण्या पदरच्याच की.”

आरोग्यमित्र मान वर न करता विचारते, “काका, तुमचं रेशनकार्ड पांढरं आहे ना? जुलै २०२४पासून तेही चालतं. पाच लाखांपर्यंत.”

“मग आधी का नाही सांगितलंत?”

“माझ्याकडं आलाच नाहीत. आता ऑपरेशन झालंय, मंजुरी त्याच्या आधी लागते.”

ते येणार तरी कसे? दाखल करून घेताना पहिला प्रश्न असतो, “मेडिक्लेम आहे का?” हो म्हटलं की माणूस दुसऱ्या टेबलाकडे. योजनेचे दर परवडत नाहीत ही हॉस्पिटलांची तक्रार जुनी आहे, तिच्यात तथ्यही आहे. पण त्या परवडण्याचा हिशेब पेशंटला न सांगता त्याच्याच खिशातून होतो, आणि राग मात्र बाकावरच्या शेजाऱ्यावर निघतो.

गृहस्थ फोनवर मेहुण्याकडे चाळीस हजार मागतायत. डॉक्टर खाली येऊन सही करून जातात.

“मामा, फोनवर मंजुरी मिळाली, आज घेतील आत. नावाचा कागद मात्र उद्यापर्यंत पाहिजे.”

“जतला जाऊन यायचं? मग हिच्यापाशी कोण बसंल?”

मुलगी पुन्हा फोन उचलते.