दुबईच्या शाळेतून नोकरीचं पत्र आलंय? ‘हो’ म्हणण्याआधी हा हिशोब करा

जानेवारी उजाडला की तालुक्यातल्या बीएड झालेल्या मुलामुलींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक ठरावीक मेसेज फिरू लागतो. ‘दुबईतील नामांकित शाळेत शिक्षक पाहिजेत. गणित, विज्ञान, इंग्रजी. पगार लाखाच्या घरात. मुलाखत ऑनलाइन. मर्यादित जागा.’ खाली एक मोबाइल नंबर. फोन केला की मुलाखत पटकन होते, निवडही होते आणि मग सांगितलं जातं, “दीड-दोन लाख भरा, पुढच्या महिन्यात फ्लाइट.”

यातल्या काही नोकऱ्या अगदी खऱ्या असतात. दुबई, शारजा, अबुधाबी इथं भारतीय अभ्यासक्रमाच्या खासगी शाळा आहेत आणि त्यांना भारतातूनच शिक्षक लागतात. या शाळांचं वर्ष आपल्यासारखंच एप्रिलमध्ये सुरू होतं, म्हणून भरतीची गडबड हिवाळ्यात असते. पण खरी नोकरी कोणती, खोटी कोणती आणि खरी असली तरी आपल्याला परवडणारी आहे का, हे घरी बसून तपासता येतं. पगार किती, हा त्यातला एकच प्रश्न. त्याच्याइतकाच मोठा दुसरा प्रश्न आहे: चार महिन्यांत परत यायची वेळ आली, तर हातात काय राहील?

आधी गावाकडचा पर्याय नीट बघा

पवित्र पोर्टलमधून नंबर लागला तर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात. 2023 मध्ये वाढ झाल्यानंतर हे मानधन प्राथमिकला 16 हजार, माध्यमिकला 18 हजार आणि कनिष्ठ महाविद्यालयात 20 हजार रुपये झालं. तीन वर्षांनंतर मात्र पूर्ण वेतनश्रेणी मिळते. विनाअनुदानित शाळेत दहा-बारा हजारांवर वर्षानुवर्षं राबणारे तर प्रत्येक गावात आहेत. त्यामुळे परदेशाचा विचार मनात येणं चूक नाही.

पण तिकडं गेल्यावर टेट, अभियोग्यता चाचणी, कागदपत्र पडताळणी यासाठी इकडं यावं लागतं. सुट्टी मिळाली नाही तर संधी जाते आणि वयाची अट काही थांबत नाही. गुणवत्ता यादीत नाव येण्याच्या बेतात असेल तर हा विचार पहिला करा. सध्या मान्यताप्राप्त खासगी शाळेत असाल तर राजीनाम्याची मुदतही बघा. कायम कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची आणि कायम नसलेल्याला एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. व्हिसा हातात येण्याआधी राजीनामा देऊ नका.

पगाराचं पत्र कसं वाचायचं?

समजा, पत्रात महिना 3500 दिरहॅम लिहिलेत. दिरहॅमचा दर बदलत असतो, हिशोबासाठी 24 रुपये धरू. म्हणजे झाले 84 हजार. आकडा डोळ्यांत भरतो. आता शाळा राहायची सोय करत नसेल तर खर्च मांडा. समजा, तिघी-चौघींत मिळून खोलीचं भाडं 900, जेवण 700, प्रवास आणि फोन 250, किरकोळ 150. झाले 2000 दिरहॅम. उरले 1500, म्हणजे 36 हजार रुपये. गावाकडच्या मानानं ही बचत चांगलीच आहे, पण ती 84 हजार नाही. घरच्यांना 84 हजारांचा आकडा सांगून कर्ज काढलं, तर पहिल्याच महिन्यात गणित बिघडतं.

यापुढची मेख ‘मूळ वेतन’ या शब्दात आहे. पत्रात एकूण पगार आणि मूळ वेतन वेगवेगळे असतात. अमिरातीच्या कामगार कायद्यानुसार वर्षभर काम केल्यावर ग्रॅच्युइटी लागू होते. पहिली पाच वर्षं दरवर्षी 21 दिवसांचा आणि त्यापुढे दरवर्षी 30 दिवसांचा पगार या दरानं ती मोजतात, पण मूळ वेतनावर. एकूण पगार 3500 आणि मूळ वेतन 1500 असेल तर वर्षाला 1050 दिरहॅम मिळतील. मूळ वेतन 3000 असेल तर 2100 मिळतील. पगार तोच, पण जाताना हातात येणारी रक्कम दुप्पट. म्हणून दोन शाळांची पत्रं आली तर आधी हा आकडा शेजारी शेजारी ठेवा.

शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये तिकडं उन्हाळ्याची मोठी सुट्टी असते. या दोन महिन्यांचा पगार मिळणार का आणि सुट्टीत येण्या-जाण्याचं तिकीट कोण देणार, हे लेखी विचारून घ्या. आरोग्य विमा मालकानं काढायचा असतो, तो पत्रात आहे ना तेही बघा.

कुटुंब नेता येईल का?

नवरा किंवा बायको, लहान मुलं सोबत न्यायची असतील तर पगाराची अट आहे. किमान 4000 दिरहॅम पगार, किंवा 3000 दिरहॅम आणि राहायची सोय, एवढं असेल तरच कुटुंबाचा व्हिसा मागता येतो. म्हणजे वरच्या उदाहरणातली 3500 दिरहॅमची नोकरी घरभाड्याविना असेल तर एकट्यानंच जावं लागणार. ‘आधी जा, मग सगळ्यांना बोलावून घे,’ असं एजंट म्हणत असेल तर पत्रातला आकडा त्याला दाखवा. मूल लहान असेल तर ते आजीजवळ किती वर्षं राहणार, हे जाण्याआधी घरात बसून स्पष्ट बोललेलं बरं.

एजंट किती पैसे घेऊ शकतो?

परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटकडे 1983 च्या उत्प्रवास कायद्याखाली भारत सरकारची नोंदणी असावी लागते. नोंदणीकृत एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30 हजार रुपये सेवाशुल्क आणि त्यावर जीएसटी घेऊ शकतो. 18 टक्क्यांनी सगळे मिळून 35,400 रुपये होतात. त्याची पावती मिळालीच पाहिजे. ‘व्हिसाचा खर्च’, ‘शाळेचं डिपॉझिट’, ‘सीट पक्की करायला’ अशा नावांनी दीड-दोन लाख मागितले तर तिथंच थांबा. अमिरातीच्या कायद्यानुसारही भरतीचा खर्च मालकानं करायचा असतो. तो शिक्षकाकडून वसूल करता येत नाही.

एजंट नोंदणीकृत आहे की नाही, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर मोबाइलवरूनही बघता येतं. ‘आमच्या मुंबईच्या ऑफिसचं लायसन आहे, मी त्यांचा माणूस,’ असं कोणी म्हणालं तर त्या मुंबईच्या ऑफिसलाच फोन लावा.

इथं एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. दहावी नापास किंवा कमी शिकलेला कामगार आखाती देशात जाताना त्याला सरकारची उत्प्रवास मंजुरी घ्यावी लागते आणि त्या वेळी त्याचे कागद तपासले जातात. शिक्षक पदवीधर असतो, त्याला ही मंजुरी लागत नाही. तो आपला करार स्वतः वाचू शकतो, असं गृहीत धरलेलं असतं. म्हणजे शिकलेल्या माणसाचे कागद तपासायला मध्ये कोणी नाही. ते ज्याचे त्यानंच तपासायचे.

शाळा खरी आहे का?

दुबईतल्या खासगी शाळांवर केएचडीए या सरकारी संस्थेची देखरेख असते, तर अबुधाबीत एडेक ही संस्था आहे. या संस्थांच्या संकेतस्थळांवर शाळांची माहिती असते. दुबईतल्या शाळांच्या तपासणीचे शेरेही तिथं वाचायला मिळतात. शाळेचं नाव तिथं शोधा. शाळेचा फोन नंबर तिथून किंवा शाळेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या, एजंटनं दिलेला नको. फोन करून दोनच गोष्टी विचारा: ‘ही जागा खरंच रिकामी आहे का? हा माणूस तुमच्या वतीनं भरती करतो का?’ पाच मिनिटांचा फोन आहे, पण त्यावर दोन लाख वाचू शकतात.

इंग्रजीतून शिकवायचं आहे, हेही लक्षात ठेवा. चांगली शाळा निवड करण्याआधी पाठ घ्यायला लावते, विषयाचे प्रश्न विचारते. दहा मिनिटांच्या गप्पांत निवड झाली असेल तर आनंद होण्याऐवजी शंका आली पाहिजे.

व्हिजिट व्हिसावर जाऊ नका

‘सध्या व्हिजिट व्हिसावर या, तिकडं आल्यावर बदलून देऊ,’ हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. पर्यटनाच्या व्हिसावर काम करणं तिकडं बेकायदा आहे. पकडलं गेलं तर दंड आहेच, शिवाय पगार बुडाला तरी दाद मागायला करारच नसतो. विमानात बसण्याआधी नोकरीसाठीचा प्रवेश परवाना हातात हवा आणि त्यावर शाळेचं नाव हवं.

नोकरीचा प्रस्ताव तिथल्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यात असतो. सही केलेल्या प्रस्तावात आणि पुढच्या करारात फरक नसावा. म्हणून सही केलेल्या प्रत्येक पानाचा फोटो काढून घरच्यांना पाठवून ठेवा. पासपोर्ट मात्र कोणाकडे ठेवायला देऊ नका. तो अडकवून ठेवण्याचा अधिकार मालकाला नाही.

कागदपत्रं: नावाचा घोळ आधी मिटवा

बऱ्याच जणांची गाडी इथं अडते. अमिरातीत पदवी चालण्यासाठी ती आधी राज्य शासनाकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि शेवटी अमिरातीच्या वकिलातीकडून साक्षांकित करून घ्यावी लागते. त्यासाठी मूळ पदवी प्रमाणपत्र लागतं, गुणपत्रिका चालत नाही. आपल्याकडं कित्येकांनी पदवी विद्यापीठातून उचललेलीच नसते. ती आजच मागवा.

मुलींच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. दहावीच्या सनदेवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, बीएडला नवऱ्याचं नाव, आधारवर तिसरंच काही. पासपोर्ट आणि पदवीवरचं नाव जुळत नसेल तर विवाह नोंदणी दाखला, गरज पडल्यास राजपत्रातली नावबदलाची नोंद, हे सगळं गोळा करण्यात दिवस जातात. पोलीस पडताळणीचा दाखलाही बहुतेक शाळा मागतात. तो पासपोर्ट सेवेतून मिळतो. मुक्त विद्यापीठाची किंवा दूरशिक्षणाची पदवी असेल तर ती चालेल का, हे शाळेकडून लेखी घेतल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

परत यायची वेळ आली तर?

परीक्षाविधीन काळ जास्तीत जास्त सहा महिन्यांचा असतो. या काळात शाळा 14 दिवसांची लेखी नोटीस देऊन काढू शकते. नोकरी सोडून मायदेशी परतायचं असेल तर शिक्षकानंही 14 दिवस आधी कळवायचं असतं. त्यानंतरच्या काळात नोटीस करारानुसार 30 ते 90 दिवसांची असते. करार संपल्यावर मायदेशी पाठवण्याचा खर्च साधारणपणे मालकाकडे असतो, पण मध्येच स्वतःहून सोडलं तर तिकीट स्वतःचं. वर्षाच्या आत आलं तर ग्रॅच्युइटीही नाही.

आता मूळ हिशोबाकडे या. दीड लाख रुपये महिना 2 टक्क्यांनी उचलले तर महिन्याला 3 हजार रुपये व्याज. सगळं ठीक चाललं तर महिना 36 हजारांच्या बचतीतून हे कर्ज साधारण पाच महिन्यांत फिटतं. पण चौथ्या महिन्यात नोकरी गेली, तर घरी परत येईल ते कर्ज आणि तेही नोकरीशिवाय. याउलट नोंदणीकृत एजंटमार्फत किंवा थेट शाळेकडून गेलं, खर्च 35 हजारांच्या आसपास राहिला, तर दोन महिने काम करूनही नुकसान होत नाही. नोकरी तीच, शाळा तीच. जोखीम ठरते ती जाण्यासाठी किती पैसे घातले यावर. म्हणून शेत गहाण ठेवून किंवा दागिने मोडून जावं लागत असेल, तर ती नोकरी कितीही मोठी दिसली तरी आपली नाही, असं समजावं.

‘हो’ म्हणण्याआधी ही सहा उत्तरं लेखी हवीत

1. मूळ वेतन किती आणि एकूण पगार किती?
2. राहायची सोय शाळेची की आपली?
3. उन्हाळी सुट्टीचा पगार आणि तिकीट मिळणार का?
4. व्हिसाचा सगळा खर्च शाळा करणार ना?
5. परीक्षाविधीन काळ आणि नोटीस किती दिवसांची?
6. आठवड्याला किती तास, कोणते वर्ग, कोणता विषय?

शाळा खरी असेल तर ही उत्तरं दोन-तीन दिवसांत ईमेलवर येतात. ‘एवढे प्रश्न विचाराल तर जागा जाईल,’ असं उत्तर आलं, तर जागा जाऊ द्या.

मदत कुठं मिळेल?

परदेशी नोकरीबद्दल शंका असेल तर भारत सरकारची टोल फ्री हेल्पलाइन 1800 11 3090 आहे. एजंटनं फसवलं तर गावातल्या पोलीस ठाण्यासोबतच मुंबईच्या उत्प्रवासी संरक्षक कार्यालयात आणि ई-मायग्रेटवर तक्रार करता येते. तिकडं गेल्यावर अडचण आली तर दुबईतल्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा अमिरातीतून लागणारा टोल फ्री नंबर 800 46342 आहे. जाणाऱ्यानं हे नंबर आपल्या मोबाइलमध्ये तर ठेवावेतच, पण घरी राहणाऱ्या आई-वडिलांनाही लिहून द्यावेत.