‘सुपरमॅन’चा चौथा भाग : नाव मोठे, माल उणा

सिनेमाचा विषय व्यापाराच्या पानावर कशासाठी, असे काही वाचक बंधू विचारतील. सिनेमा पाहावा की पाहू नये, हा या पानाचा विषय नव्हे. तो ज्याने त्याने आपल्या आलिमांना विचारून ठरवावा. परंतु सिनेमा हा एक धंदाही आहे. त्यात भांडवल लागते, कारागीर लागतात, आगाऊ रक्कम घेतली जाते, माल ठरल्या तारखेला द्यावा लागतो आणि गिऱ्हाईक एकदा फिरले की पेढीला कुलूप लागते. ‘सुपरमॅन’ या उडणाऱ्या वीरपुरुषाच्या चित्रपटमालेचे १९८७ साली जे झाले, ते आमच्या यंत्रमागवाल्याला, शिंप्याला किंवा फर्निचरवाल्याला मुळीच परके वाटणार नाही. म्हणून त्याचा हिशेब आज मांडत आहोत.

आधी आकडे पाहू. १९७८ च्या पहिल्या ‘सुपरमॅन’ने एकट्या अमेरिका व कॅनडात १३ कोटी ४० लाख डॉलरची तिकीटविक्री केली. दुसऱ्या भागाने १९८१ साली १० कोटी ८० लाखांची केली. १९८३ चा तिसरा भाग ६ कोटींच्या आसपास थांबला. २४ जुलै १९८७ रोजी चौथा भाग आला आणि १ कोटी ५७ लाखांवर आटोपला. नाव तेच, पोशाख तोच, नट तोच ख्रिस्तोफर रीव्ह. नऊ वर्षांत विक्री रुपयाची बारा पैशांवर आली. तिसऱ्या भागाची घसरण समजण्यासारखी आहे. विनोदी नट रिचर्ड प्रायरला घेऊन त्यांनी कथेचा पोतच बदलला, तो अनेकांना रुचला नाही. चौथ्याचे कारण मात्र निराळे आहे आणि ते पडद्यावर नसून खातेवहीत आहे.

पहिला भाग कसा तयार झाला होता, ते जाणून घेतल्याशिवाय चौथ्यात काय गेले हे कळणार नाही. अलेक्झांडर व इल्या साल्काइंड या पितापुत्रांनी १९७४ साली हक्क घेतले आणि पहिल्या भागावर सुमारे साडेपाच कोटी डॉलर खर्च केले. त्या काळी ही रक्कम डोळे फिरवणारी होती. यातील मोठा पैसा एकाच गोष्टीसाठी होता : माणूस खरोखर उडतो आहे असे वाटले पाहिजे. झोरान पेरिसिच नावाच्या तंत्रज्ञाने त्यासाठी एक युक्ती बसवली. नटाच्या मागच्या पडद्यावर आकाशाचे चित्र पाडायचे; चित्र पाडणारे यंत्र आणि समोरचा कॅमेरा, दोहोंची भिंगे एकाच वेळी, एकाच प्रमाणात जवळ-दूर करायची. मागचे आकाश होते तेवढेच दिसते आणि तारेवर टांगलेला, जागचा न हललेला नट आपल्याकडे झेपावत आल्यासारखा वाटतो. उत्तम शिंप्याच्या कामात शिवण असते पण दिसत नाही, तसाच हा प्रकार. या दृश्यपरिणामांबद्दल चित्रपटाला ऑस्करचा खास पुरस्कार मिळाला. लोकांनी पैसे मोजले ते या उडण्याचे. ‘सुपरमॅन’ हे नाव ऐकले की पुढे लोकांच्या मनात जी अपेक्षा उभी राहू लागली, ती या कामाने तयार केली होती. व्यापाराच्या भाषेत पहिला चित्रपट हा ‘नमुना’ ठरला.

तिसरा भाग उतरला आणि १९८४ चा ‘सुपरगर्ल’ आपटला, तेव्हा साल्काइंडांनी हात आखडता घेतला. त्यांच्याकडून सुमारे ५० लाख डॉलरमध्ये ‘सुपरमॅन’चे हक्क घेतले ते कॅनन फिल्म्सने. मेनाहेम गोलान आणि योराम ग्लोबस हे इस्रायलहून आलेले चुलत भाऊ तिचे मालक. १९७९ साली ही डबघाईची कंपनी त्यांनी अवघ्या पाच लाख डॉलरला विकत घेतली होती आणि स्वस्तातले मारामारीचे चित्रपट झपाट्याने काढून तिला नावारूपास आणले होते. येथपर्यंत त्यांचे कौतुकच करावे लागेल. कमी भांडवल, कमी खर्च, कमी भाव आणि भरपूर उलाढाल, हा व्यापार सचोटीचाच आहे. मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर तो आपण रोज पाहतो.

माल नाही, पण विक्री झाली

कॅननच्या धंद्याची किल्ली होती आगाऊ विक्री. तिची रीत समजून घेण्यासारखी आहे. निर्माता फ्रान्समधील कान येथील चित्रपटबाजारात जातो. त्याच्याकडे चित्रपट नसतो, बहुधा पटकथाही नसते. एक भडक रंगीत जाहिरात, नटाचे नाव आणि चित्रपटाचे नाव एवढेच असते. तेवढ्यावर देशोदेशीचे वितरक आपापल्या मुलखाचे हक्क घेतात. सहीच्या वेळी थोडी रक्कम देतात, बाकीची माल हाती आल्यावर देण्याचे लिहून देतात. हे लिहून दिलेले करार घेऊन निर्माता बँकेत जातो, ते तारण ठेवून व्याजाने कर्ज काढतो आणि त्या कर्जातून चित्रपट बनवतो. म्हणजे पहिले दृश्य टिपण्याआधीच विक्री उरकलेली असते!

आता यातली खोच पाहा. अशा करारात साधारणपणे लिहिलेले असते ते चित्रपटाचे नाव, मुख्य नट, लांबी आणि ताबा देण्याची तारीख. दृश्य किती खर्चाने, किती कौशल्याने टिपायचे, हे कोणी लिहीत नाही आणि लिहिता येणे कठीणही आहे. मग भाव एकदा ठरल्यावर बनवताना वाचवलेला प्रत्येक डॉलर सरळ निर्मात्याच्या हाती राहतो. चांगला माल बनवण्याचा लाभ उद्या मिळणार, तोही कदाचित. माल उणा करण्याचा लाभ आज मिळतो, तोही नक्की. ज्याच्यावर देणेकऱ्यांचा तगादा आहे तो यातले काय निवडतो, हे सांगायला नको.

आणि कॅननवर तगादा होता. सुपरमॅनच्या वेळी त्यांच्याकडे जवळजवळ तीस चित्रपटांचे काम एकदम चालू होते, असे रीव्हने पुढे लिहिले आहे. १९८६ साली त्यांनी ब्रिटनमधील थॉर्न ईएमआयचा चित्रपट व्यवसाय, चित्रगृहे व एल्स्ट्रीच्या स्टुडिओसह, विकत घेतला. त्याच सुमारास अमेरिकेच्या रोखे आयोगाने त्यांच्या हिशेबाची चौकशी सुरू केली. चित्रपटाचा खर्च कधी व किती दाखवायचा, हे त्या धंद्यात पुढे येणाऱ्या उत्पन्नाच्या अंदाजावर ठरते. अंदाज फुगवला की आजचा खर्च कमी दिसतो आणि कागदावर नफा उगवतो. अशा नफ्याने पगार मात्र भागत नाहीत.

कापले कुठे?

चौथ्या भागासाठी ३ कोटी ६० लाख डॉलर ठरले होते. चित्रीकरण सुरू होण्याच्या बेतात असताना ते १ कोटी ७० लाखांवर आणले गेले. पहिल्या भागापेक्षा नऊ वर्षांनी, वाढलेल्या महागाईत, तिसऱ्या हिश्शाहून कमी पैशांत तेच नाव विकायचे होते.

परिणाम एका दृश्यातच दिसतो. सुपरमॅन न्यूयॉर्कमध्ये उतरतो आणि गर्दीतून चालत संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीकडे जातो, जगातील अण्वस्त्रे नष्ट करीन असे सांगायला. रीव्हच्या म्हणण्यानुसार पहिल्या भागाच्या वेळी असे दृश्य न्यूयॉर्कच्या बेचाळिसाव्या रस्त्यावरच टिपले असते. येथे ते इंग्लंडमधील मिल्टन कीन्स या नव्या वसवलेल्या गावात, पावसाळी हवेत, शंभरएक माणसांची गर्दी जमवून उरकले. रस्त्यावर मोटारींचा पत्ता नाही. उडण्याची दृश्येही तशीच. समोर झेपावणाऱ्या सुपरमॅनचे एकच दृश्य मागची पार्श्वभूमी बदलून पुन:पुन्हा लावलेले आहे, ते लहान मुलांच्याही ध्यानात येते. ज्या एका गोष्टीसाठी गिऱ्हाईक दुकानात येत होते, तीच पातळ केली. कॅननला काटकसर करायचीच होती तर कथा लहान करता आली असती, ठिकाणे कमी करता आली असती. पण उडण्याला हात लावायला नको होता, असे आम्हांस वाटते.

पुढे पूर्वपरीक्षेसाठी काही प्रेक्षकांना चित्रपट दाखवला, तो पसंत पडला नाही. तेव्हा दोन तासांहून मोठ्या चित्रपटातील सुमारे ४५ मिनिटे कापून तो दीड तासाचा केला. धागे तुटले, अर्धवट पात्रे उरली. उसवलेला अंगरखा आखूड केल्याने नीट होत नाही.

रीव्हची बाजूही सांगणे न्याय्य होईल. त्याला पुन्हा ते निळे कपडे घालायचे नव्हते. अण्वस्त्रबंदीची कल्पना त्याला मनापासून भावली, शिवाय त्याच्या आवडीचा ‘स्ट्रीट स्मार्ट’ हा लहान चित्रपट काढून देण्याचे कॅननने कबूल केले, म्हणून तो तयार झाला. कॅननने तो चित्रपट खरोखरच काढला आणि त्यातील कामामुळे मॉर्गन फ्रीमन या नटाचे नाव प्रथमच ऑस्करच्या यादीत आले. म्हणजे या पेढीला चांगला माल काढता येत नव्हता असे नाही. लहान कामाला लहान भांडवल पुरले. मोठ्या नावाला तेवढेच भांडवल लावले, तेथे गाडे अडले.

आमच्या धंद्यात हे कोठे घडते? रमजानच्या पहिल्या पंधरवड्यात कोणत्याही शिवणकामाच्या दुकानात जाऊन पाहावे. नव्या गिऱ्हाइकाच्या बयाण्यातून जुन्या गिऱ्हाइकाचे अस्तर व बटणे येतात. नव्याचे कापड कापायची वेळ येते तेव्हा गल्ला रिकामा असतो, मग त्याच्यापेक्षाही नव्या गिऱ्हाइकाचा बयाणा शोधायचा. ईदच्या आदल्या रात्री या साखळीच्या टोकाला जो उभा असतो, त्याच्या वाट्याला कच्ची शिलाई येते. फर्निचरमध्ये सागवानाचा नमुना दाखवून आतल्या पट्ट्या हलक्या लाकडाच्या लागतात. मागावर इंचाला ५२ पिकाचा तुकडा दाखवून ४८ पिकाचे थान निघते. यातल्या प्रत्येकाने सुरुवातीपासून फसवायचे ठरवलेले असते असे नाही. बयाणा भलतीकडे खर्च झालेला असतो, एवढेच.

फिकहने या व्यवहाराचा फार पूर्वी विचार केला आहे. आपल्याजवळ नसलेली वस्तू विकण्यास शरीअतमध्ये मुळात मनाई आहे. सलम आणि इस्तिस्ना या त्यातील सवलती आहेत. सलममध्ये पूर्ण किंमत करारसमयीच द्यायची आणि माल ठरल्या मुदतीला घ्यायचा. इस्तिस्ना म्हणजे कारागिराने आपल्याच सामानाने वस्तू बनवून देण्याचा करार. तेथे किंमत आधी, नंतर किंवा हप्त्यांनी देता येते. हनफी उलेमांनी लोकांची गरज व चालत आलेला रिवाज पाहून तो मान्य केला. शाफई मतात तो सलमच्याच अटींवर बसतो, हे आमच्या कोकणातील बंधूंनी ध्यानात घ्यावे. कापड गिऱ्हाइकाचे आणि शिलाई तुमची असेल तर तो इजारा, म्हणजे मजुरीचा करार. तेथे कापड ही तुमच्याकडे अमानत आहे. यातील विक्रीच्या दोन्ही करारांत एक अट समान आहे : वस्तूचे वर्णन. जात कोणती, दर्जा कोणता, माप किती. वर्णन मोघम असेल तर पुढे भांडण उभे राहते, म्हणून ही सक्ती. कान येथील करारात नेमकी हीच जागा कोरी राहते.

आणि वर्णन लिहून झाल्यावर माल खरोखरच उणा झाला तर? धान्याच्या राशीची हदीस बहुतेकांना ठाऊक आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी राशीत हात घातला तर आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले. पाऊस पडणे हा त्या विक्रेत्याचा दोष नव्हता, तसाच पैसा कमी पडणे हाही नेहमी कारागिराचा दोष नसतो. ओले वर ठेवणे म्हणजे आपल्या धंद्यात काय, तर गिऱ्हाइकाला बोलावून सांगणे, की ५२ पिकाचे जमत नाही, ४८ चे घेणार असाल तर भाव इतका, नाहीतर बयाणा परत. दर तिकिटाबरोबर असे सांगणे कॅननला शक्य नव्हते हे खरे, पण जाहिरात तरी खाली आणता आली असती. जाहिरात मात्र शेवटपर्यंत पहिल्या भागाच्या तोऱ्याची राहिली.

याच्या उलट उदाहरण आपल्या मालेगावचे आहे. यंत्रमागांच्या या गावात शेख नासिर यांनी हौशी मंडळींना घेऊन ‘मालेगाव के शोले’ आणि पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ काढला. ते तयार होताना फैझा अहमद खान यांनी टिपलेला माहितीपट २००८ साली आला आणि परदेशांतही दाखवला गेला. त्यातला सुपरमॅन म्हणजे हाडकुळा यंत्रमाग कामगार शफीक शेख. हिरवे कापड मागे लावून त्याला उडवलेला. उडणे खोटे दिसते, आणि लोक हसतात ते त्यासाठीच. कॅननच्या खर्चाच्या मानाने ही रक्कम चहापाण्याचीही नव्हे, परंतु येथे नावातच ‘मालेगाव’ आहे. गिऱ्हाइकाला माल कोणता मिळणार ते पाटीवरच लिहिले आहे, त्यामुळे फसल्याची तक्रार कोणी केली नाही.

कॅननचे पुढे काय झाले ते थोडक्यात. कर्ज वाढत गेले, इटलीच्या जियानकार्लो पारेत्ती यांनी कंपनीचा ताबा घेतला आणि १९८९ साली दोघे भाऊ वेगळे झाले. सुपरमॅनचे हक्क साल्काइंडांकडे परत गेले. पडद्यावर सुपरमॅनचा पुढचा चित्रपट आला तो २००६ साली, म्हणजे १९ वर्षांनी. तोवर रीव्ह हयात नव्हता. मात्र कंपनी बुडण्यापूर्वी गोलान यांच्या डोक्यात पाचवा भागही घोळत होता. चौथ्यातून कापून टाकलेली ती ४५ मिनिटे त्यासाठी वापरावीत, असा त्यांचा बेत होता.