मनसर-देवलापार : चिखलाचे झालेले खनिज

नागपूरहून जबलपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर मनसर लागते, तेव्हा प्रवाशांचे लक्ष बहुधा रामटेकच्या टेकडीकडे असते. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी मेघदूतातील रामगिरी म्हणून ओळखलेली ही टेकडी आणि मनसरच्या उत्खननात सापडलेले वाकाटककालीन अवशेष यांमुळे हा परिसर इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित असला, तरी भूवैज्ञानिकांच्या हिशेबात वाकाटक अगदी कालचेच ठरतात.

मनसरच्या मँगनीज खाणीतील खडक ‘सौसर’ या समूहात मोडतात. नागपूर-भंडाऱ्यापासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंत कमानीसारख्या पसरलेल्या या समूहातील एका शैलसंघाला मनसरचेच नाव आहे. मुळात हा उथळ समुद्रात साचलेला गाळ होता: कुठे वाळू, कुठे चुनखडी, कुठे मँगनीजयुक्त चिखल. सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वी उत्तरेचा बुंदेलखंडाचा आणि दक्षिणेचा बस्तरचा प्राचीन भूखंड एकमेकांवर रेटले गेले, तेव्हा मधला हा गाळ घड्या पडत खोल दबला आणि न वितळताच दाब व उष्णता यांमुळे त्याची खनिजे नव्याने जुळली. यालाच रूपांतरण म्हणतात. वाळूचे क्वॉर्टझाइट झाले, चुनखडीचे संगमरवर झाले, चिखलाचा चकाकत्या अभ्रकाचा सुभाजा, म्हणजे पापुद्र्यांनी सुटणारा खडक, झाला. मँगनीजचा गाळ शुद्ध होता तेथे ब्राउनाइटसारखी धातुके तयार झाली. त्यात वाळू आणि माती मिसळली होती तेथे स्पेसार्टिन हे मँगनीजयुक्त गार्नेट आणि क्वॉर्ट्झ यांचा खडक बनला. भूवैज्ञानिक लुईस फर्मर यांनी १९०९च्या आपल्या ग्रंथात त्याला या प्रदेशातील गोंडांवरून ‘गोंडाइट’ म्हटले, आणि एका आदिवासी समाजाचे नाव जगभरच्या खडकशास्त्रात रूढ झाले.

उत्तरेस देवलापारजवळ गुंता वाढतो. तेथे उत्तरेकडच्या धाटणीचे चुनखडीजन्य खडक दक्षिणेकडच्या वेगळ्याच खडकांवर विसावलेले दिसतात. भूवैज्ञानिक डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी १९३६ मध्ये याचा अर्थ असा लावला की खडकांची एक अख्खी चादर आपल्या जागेवरून सुटून दूरवर सरकली; आल्प्समध्ये अशा चादरीला ‘नॅप’ म्हणतात. तपशिलांवर पुढे मतभेद झाले, तसेच वेस्ट यांनी ज्यांना आर्कियन, म्हणजे २५० कोटी वर्षांहून जुने, मानले ते खडक त्या मानाने बरेच तरुण ठरले. पण हिमालयाबाहेर, सपाट वाटणाऱ्या विदर्भात, अशी रचना शोधण्याचे धाडस मात्र त्यांचेच होते.