कठडा केव्हा उतरवावा?

सांगलीत हळदीची अडत असलेल्या एका घरात गेल्या फाल्गुनात दुसऱ्या अपत्याची चाहूल निश्चित झाली आणि त्याच आठवड्यात एका लाकडी वस्तूवरून घरात दोन मते पडली. ती वस्तू म्हणजे थोरल्या नातवाची बेबी कॉट. चहूबाजूंनी उभ्या पट्ट्यांचा कठडा असलेली ही कॉट आईवडिलांच्या खोलीत, पलंगाशेजारी मांडलेली होती. नातू तेव्हा सव्वादोन वर्षांचा होता. धाकट्या बाळाचा जन्म श्रावणात अपेक्षित होता.

सासूबाईंचे म्हणणे सरळ होते. "अगं, त्याला आता माझ्याजवळ झोपू दे. कॉट धाकट्याला लागेलच. ह्याचे बाबासुद्धा माझ्याच कुशीत वाढले की!" सुनेचा स्वर मृदू असला तरी मत ठाम होते. "आई, तुमच्याजवळ तो आनंदानं झोपेल, पण आज तो कॉटमध्ये सुखानं झोपतोय. बाळ येणार म्हणून त्याची जागा काढून घेतली, असं त्याच्या मनात बसायला नको." आजोबांना दुसरी कॉट विकत घेणे म्हणजे निष्कारण पैसा अडकवणे वाटत होते. मुलाच्या वडिलांनी दोन्ही बाजू बरोबर असल्याचा निर्वाळा दिला आणि ते दुकानात निघून गेले. कर्ता पुरुष अशा प्रसंगी बहुधा हेच करतो.

आजीच्या पिढीला हा प्रश्न पडलाच नव्हता. बारशाला आजोळहून पाळणा येई. मूल उठून बसू लागले की पाळणा माळ्यावर जाई आणि मूल आईच्या शेजारी, जमिनीवर अंथरलेल्या गादीवर निजे. पाठचे भावंड आले की त्याची बदली आजीच्या अंथरुणात होई. जमिनीवरून कोणी पडत नाही. म्हणून कठड्याचीही गरज नव्हती. त्या पिढीला 'कॉट' म्हटले की लोखंडी नळ्यांची, मोठ्या माणसाची खाट आठवते. लहान मुलासाठी वेगळी कॉट असते हेच मुळी नवे. सदनिका आल्या, उंच पलंग आले, खाली गुळगुळीत फरशी आली. उंची आली म्हणून कठडा आला, आणि कठडा आला म्हणून तो केव्हा उतरवावा हा प्रश्न आला.

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत वयावरून शोधले जाते. शेजारचा मुलगा दीड वर्षाचा असताना पलंगावर झोपू लागला, नणंदेची मुलगी तीन वर्षांची होईपर्यंत कॉटमध्ये होती, असे दाखले दिले जातात. परंतु या बाबतीत वयापेक्षा फूटपट्टी अधिक विश्वासार्ह आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने यासाठी दोन खुणा सांगितल्या आहेत. मुलाची उंची ३५ इंच, म्हणजे सुमारे ८९ सेंटीमीटर झाली, किंवा गादीपासून मोजलेली कठड्याची उंची मुलाच्या उंचीच्या पाऊणपटीहून कमी भरू लागली, की मुलाने कॉट सोडावी. कारण उघड आहे. कठडा छातीखाली आला की शरीराचा वरचा भार बाहेर झुकतो आणि मूल डोक्यावर पडण्याची भीती निर्माण होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यानुसार दोन वर्षांच्या मुलाची मध्यम उंची सुमारे ८७ सेंटीमीटर आणि मुलीची सुमारे ८६ सेंटीमीटर असते. म्हणजे सर्वसाधारण मूल दुसरा वाढदिवस उलटल्यावर काही महिन्यांतच या रेषेशी येऊन ठेपते. अंगकाठीने उंच मूल त्याआधीच येते.

सांगलीच्या घरातील डॉक्टरांनी वय विचारलेच नाही. घरी जाऊन मापे घ्या, एवढेच त्यांनी सांगितले. आजोबांनी कापडाच्या गाठींसाठी ठेवलेला टेप काढला. नातू ८९ सेंटीमीटर भरला. गादीपासून कठडा मात्र केवळ ५४ सेंटीमीटर निघाला. तेव्हा कुठे लक्षात आले, की कॉटचा तळ मूल सहा महिन्यांचे असताना ज्या मधल्या खाचेत बसवला होता, त्याच खाचेत अजून होता. गेले कित्येक महिने घरातील सर्वजण एका धोक्याशेजारी निश्चिंत झोपत होते. ही चूक फार घरांत होते. तळ खाली सरकवण्याची सोय असते, परंतु मूल उभे राहू लागले की तो सर्वांत खाली नेला पाहिजे, याची आठवण कोणाला राहत नाही. आजोबांनी पाना घेऊन तळ खाली उतरवला. कठडा ६६ सेंटीमीटर झाला. ८९ची पाऊणपट जवळजवळ ६७ येते. हिशेब एका सेंटीमीटरने चुकला.

तरीही सुनेच्या म्हणण्यात तथ्य होते. २०१९ साली 'स्लीप मेडिसिन' या नियतकालिकात या विषयावरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड, ब्रिटन आणि अमेरिका या पाच देशांतील १८ ते ३६ महिने वयाची १,९८३ मुले होती. पालकांनी दिलेल्या माहितीनुसार कॉटमध्ये झोपणारी मुले पलंगावरील मुलांपेक्षा लवकर अंथरुणात जात, लवकर झोपी जात, रात्री कमी वेळा उठत आणि सलग अधिक वेळ झोपत. यावरून तीन वर्षांपर्यंत कॉट ठेवणे हिताचे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो सबुरीने काढावा. ज्यांची झोप मुळातच अस्वस्थ, त्यांनाच पालक लवकर पलंगावर नेत असतील, अशीही शक्यता आहे. बी आधी की झाड आधी, हे अशा पाहणीतून उलगडत नाही. शिवाय त्या देशांत मूल पुष्कळदा स्वतंत्र खोलीत झोपते. आपल्याकडे ते आईच्या हाताच्या अंतरावर असते.

मात्र त्या अभ्यासातून एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दोन वर्षांच्या मुलाला "इथेच झोप, उठू नको" या वाक्याचा अर्थ कळतो; परंतु अंधारात, एकट्याने, मनात उठण्याची ऊर्मी आली असता ते वाक्य पाळण्याचे बळ त्याच्या अंगी अजून आलेले नसते. ते बळ तिसऱ्या वर्षाच्या आसपास हळूहळू येते. तोवर कठडा त्याच्या वतीने ते काम करीत असतो. म्हणून मूल सुखाने झोपत असेल, माप बसत असेल आणि ते चढत नसेल, तर घाई करण्याचे काहीच कारण नाही. घाई असते ती मोठ्यांना.

आणि या घरात घाईचे जे कारण सांगितले जात होते, ते तपासून पाहता टिकणारे नव्हते. नव्या बाळाला पहिल्या दिवसापासून कॉट लागत नाही. माळ्यावर लाकडी, सपाट तळाचा पाळणा होताच. पहिल्या चार-पाच महिन्यांसाठी तो पुरेसा असतो. त्यात गादी घट्ट आणि सपाट असावी, बाळाला उताणे निजवावे, उशी-लोड-दुलई आत असू नये आणि बाळ हातांवर जोर देऊन उठू लागताच त्याला पाळण्यातून काढावे, एवढी पथ्ये पाळली की झाले. कापडी झोळीत मात्र बाळाची पाठ वाकते आणि हनुवटी छातीवर टेकते. रात्रभराच्या झोपेसाठी ती योग्य नव्हे. म्हणजे कॉट धाकट्याला मार्गशीर्षापर्यंत लागणारच नव्हती. थोरल्याला हलवायचेच असेल, तर ते बाळ येण्याच्या किमान दोन महिने आधी उरकावे, नाहीतर बाळ आल्यावर काही महिने थांबावे. ज्या आठवड्यात आई दवाखान्यातून दुसरे मूल घेऊन घरी येते, त्याच आठवड्यात पहिल्याची जागा बदलणे, हा सर्वांत वाईट मुहूर्त होय. "आता तू दादा झालास" हे वाक्य मोठ्यांना कौतुकाचे वाटते. लहानग्याला ते पुष्कळदा बेदखलीच्या नोटिशीसारखे ऐकू येते.

तळ खाली उतरवल्यानंतर आठ-दहा दिवस शांततेत गेले. पुढे हळदीच्या सौद्यांची गर्दी वाढली. दुकानाचा हिशेब मिटवून मुलाचे वडील घरी येईतो पावणेदहा होऊ लागले. नातू साडेआठला झोपे. पण जिन्याखाली स्कूटर थांबल्याचा आवाज आला की तो जागा होई. एका रात्री आई स्वयंपाकघरात ताट वाढीत असताना खोलीतून "बाबा" अशी हाक आली, आणि पाठोपाठ लाकूड करकरल्याचा आवाज. आजी आधी पोहोचल्या. कोपऱ्यात ठेवलेल्या लोडावर उभा राहून नातवाने एक पाय कठड्याबाहेर टाकला होता. दोन्ही हातांनी पट्टी धरून तो तसाच अधांतरी होता. ना आत, ना बाहेर. आजींनी त्याला उचलून घेतले. तोवर वडील दारात आले होते. त्या रात्री कोणी कोणाला बोलले नाही. परंतु निर्णय झाला होता.

एकदा पाय बाहेर पडला, की मग वय, माप, अभ्यास या साऱ्याचा विचार संपतो. कठड्यावर चढू शकणाऱ्या मुलासाठी कठडा म्हणजे केवळ पडण्याची वाढीव उंची. दुसऱ्या दिवशी कॉटमधील गादी काढून आईवडिलांच्याच खोलीत जमिनीवर घातली गेली. ती भिंतीपासून हातभर दूर ठेवली, कारण भिंत आणि गादी यांच्यामधील अरुंद फटीत मूल अडकू शकते. चादर तीच, पांघरूण तेच, जागा तीच. फक्त कठडा नाही. आजींनी घरच्या चालीप्रमाणे अंथरूण जमिनीवर आले म्हणून समाधान मानले, सुनेने मुलाची जागा त्याच खोलीत राहिली म्हणून. मोठ्या पलंगाला लावण्याचे आडवे कठडे बाजारात मिळतात. ते दोन ते पाच वर्षांच्या, पलंगावर आपणहून चढउतार करणाऱ्या मुलांसाठीच असतात. दोन वर्षांखालील मुलासाठी ते मुळीच वापरू नयेत. दुमजली पलंगाची वरची जागाही सहा वर्षांखालील मुलाला देऊ नये.

कॉट गेली की संपूर्ण खोली हीच कॉट होते, ही गोष्ट या घराला पहिल्या दोन दिवसांतच कळली. पहाटे पाच वाजता नातू आजोबांच्या खोलीत जाऊन त्यांच्या उशाखालील रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटाशी खेळताना सापडला. मग घराची झडती झाली. गोळ्या वरच्या कपाटात गेल्या. डांबराच्या गोळ्या कपड्यांच्या कपाटातून हद्दपार झाल्या. डासांच्या द्रवाचे यंत्र जमिनीलगतच्या प्लगमधून वर गेले. उंच, सडपातळ कपाट भिंतीला पट्टीने जखडले, कारण खण ओढून त्यांच्या पायऱ्या करणारे मूल कपाट अंगावर घेऊ शकते. दुकानात उतरणाऱ्या जिन्याच्या तोंडाशी फाटक बसले. व्यापारी घरांत आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. गल्ल्यातील सुटी नाणी घरी मोजली जातात आणि एखादे पलंगाखाली राहून जाते. लहान कॅल्क्युलेटर, घड्याळे, खेळणी यांतील चपटे, गोल सेल खणांत पडून असतात. नाणे घशात अडकते. तो सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतदेखील आतून भाजतो. असा सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

पहिल्या रात्री नातू सात वेळा उठून आला. दर खेपेस आईने त्याला हात धरून परत नेले, निजवले आणि ती फारसे बोलली नाही. बोलणे, रागावणे, गोष्ट सांगणे, यांपैकी काहीही केले की उठण्याला बक्षीस मिळते. चौथ्या रात्री तो दोनदा उठला. मग दोन रात्री पुन्हा पाच-पाच वेळा. असे होतेच. दहा-बारा दिवसांनी गाडी रुळावर आली. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाच्या झोपेसह चोवीस तासांत ११ ते १४ तास आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते. या घरातील नातवाची त्या पंधरवड्यात थोडी तूट झाली आणि दुपारच्या झोपेत ती भरून निघाली.

स्कूटरचा प्रश्न मात्र शिल्लक होता. पावणेदहाला बाबा येतात हे मुलाला ठाऊक आणि आता अडवणारा कठडाही नाही. वडिलांना तर दिवसभरात मुलाची भेट तेव्हाच होई. त्यांनाही ते सोडवत नव्हते. अखेर त्यांनीच तोड काढली. स्कूटर कोपऱ्यावरच बंद करून ते ढकलीत आणू लागले आणि सकाळी साडेसहा ते आठ ही वेळ त्यांनी मुलाला दिली. अंघोळ, दूध, गच्चीवर फेरी, सारे बाबांबरोबर. मुनीमजींचा साडेसातचा फोन तेवढा आजोबा घेऊ लागले.

कॉट सुटी करून माळ्यावर ठेवताना आजोबांनी प्रत्येक पट्टी तपासली. मार्गशीर्षात ती धाकट्यासाठी पुन्हा उभी करायची होती आणि पुढे इचलकरंजीच्या भाचीकडे जायची होती. आप्तांमध्ये फिरणारी कॉट ही काटकसरीची चांगली रीत आहे. परंतु जोडणी ढिली असेल, पट्ट्यांमधील अंतर ६ सेंटीमीटरहून अधिक असेल किंवा एक बाजू खाली सरकणारी असेल, तर ती फुकट मिळाली तरी घेऊ नये. सरकत्या बाजूच्या कॉटच्या विक्रीवर अमेरिकेत जून २०११पासून बंदी आहे, कारण सांधा निखळून तयार झालेल्या फटीत बाळे अडकून दगावली होती. सांगलीची कॉट स्थिर कठड्याची निघाली. आजोबांनी तिचे बत्तीस स्क्रू आणि पाना एका मलमलच्या पिशवीत घातले, पिशवी कठड्याला बांधली आणि तिच्या चिठ्ठीवर रोजमेळाच्या वळणदार अक्षरात लिहिले : 'तळ – सर्वांत खालची खाच. बाळ उभे राहण्यापूर्वी.'